फर्रुख सोतूदे यांची एकच शिंक

फर्रुख सोतूदे यांना शिंक यायची ती एकच यायची. लागोपाठ दोन आल्या असत्या तर त्यांचं आयुष्य सरळ गेलं असतं, पोटच्या मुलीच्या लग्नात त्यांना शेजारच्या खोलीत बसवायची भाषा कोणी केली नसती आणि ही गोष्ट सांगायची वेळही आली नसती.

शिराजमध्ये कोणी एकदा शिंकलं की हातातलं काम थांबतं. ‘सब्र आला’ म्हणतात. म्हणजे वरून कोणीतरी जरा धीर धरायला सांगितलं. निघालेला माणूस बूट काढून परत बसतो. उचललेला फोन खाली ठेवतात. थोडा वेळ जाऊ देतात, चहाचा एखादा पेला होतो, मग पुढे. मात्र पाठोपाठ दुसरी शिंक आली तर पहिलीचा हुकूम रद्द. वाट मोकळी आहे, उलट घाई करा, असा तिचा अर्थ. शिकलेली माणसं या सगळ्याला हसतात, आणि हसता हसता थांबतात.

गोष्ट शिराजची आहे, तेव्हा नियम तिलाही लागू. मध्ये शिंक आली तर गोष्ट थांबेल. वाचणाऱ्यांनी राग मानू नये.

फर्रुख आगा दस्तनोंदणीच्या एका खाजगी कचेरीत कारकून होते. घरं, बागा, मोटारी यांची खरेदीखतं त्यांच्या टेबलावर व्हायची. थंडीच्या दिवसांत त्यांच्यासारखा कारकून शोधून सापडला नसता. पण वसंतात रस्त्यावरच्या चिनारांना फुलोरा आला, तो पिवळा भुगा हवेत तरंगायला लागला, की त्यांचे डोळे लाल व्हायचे, टाळूला खाज सुटायची आणि नाक गळायला लागायचं. आता, चारचौघांत नाक शिंकरणं हे फर्रुख आगांच्या लेखी चारचौघांत पायजमा सोडण्याइतकंच होतं. ते सगळं आतल्या आत ओढून घेत, तोंडावर खानदानी गांभीर्य ठेवून. ओढून घेता येत नव्हती ती फक्त शिंक.

त्या वसंतात एका डाळिंबाच्या बागेचा व्यवहार ठरला होता. घेणारा आणि देणारा महिनोन् महिने घासाघीस करून शेवटी एका आकड्यावर आले होते. दोघांनी एकमेकांच्या गालांचे मुके घेतले, घेणाऱ्यानं खिशातून स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं, कागदाला टेकवलं, आणि—

आऽक्छी.

थांबा.

थांबलोच आहोत तर त्यांच्या मिशीबद्दल सांगतो. ती भरघोस होती आणि वरच्या ओठावर छपरासारखी उतरलेली होती. लोकांना वाटे, हौस असेल. हौस नव्हती. नाकाच्या बाबतीत अचानक काही घडलंच तर ते दिसू नये, एवढीच तिची नेमणूक होती.

झालं. पुढे.

चहा येईपर्यंत देणाऱ्याला विचार करायला वेळ मिळाला, आणि विचार केल्यावर त्याला बाग विकावीशी वाटेना. दोघं भांडत जिना उतरले. कचेरीचे मालक अफ्रासियाबी खिडकीतून त्यांना जाताना बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘फर्रुखजान, तुमच्या पायाची धूळ आहे मी. पण ही कचेरी मी चालवायची की तुमच्या नाकानं?’’

‘‘आगा, चिनार—’’

‘‘चिनार तोडता येत नाहीत. एक तर दोनदा शिंका, नाहीतर फुलोरा झडेपर्यंत घरी बसा.’’

हा पाणउतारा फर्रुख आगांनी गिळला असता. पण त्याच आठवड्यात घरी पाहुणे आले. त्यांची मुलगी गोल्नूश हिचं बर्दियाशी ठरत होतं, अक्दाची, म्हणजे लग्न लावायची, तारीख काढायची होती. बर्दियाला आईबाप नव्हते. त्याला त्याच्या आत्यानं, तूबा खानुमनं, वाढवलेलं. बाई ताठ, मितभाषी, मांडीवर काळी पर्स उभी ठेवून बसणारी. तारीख निघाली. ‘‘मुबारक असो,’’ म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि—

आऽक्छी.

थांबा.

तूबा खानुमनं पेला बशीत ठेवला. मिठाईला हात न लावता ती उठली. ‘‘पुढच्या आठवड्यात येऊ.’’ दारात मात्र वळली. ‘‘एक गोष्ट आत्ताच सांगते, मागाहून रडारड नको. अक्दाच्या दिवशी ‘कबूल आहे का’ म्हणून मुलीला तिसऱ्यांदा विचारलं, आणि यांच्या नाकातून एकच आली, तर मी बर्दियाला हाताला धरून उठवीन. माझ्या घरात एकदा सब्र आला असताना लग्न लावलेलं आहे. त्याचं काय झालं ते मला माहीत आहे.’’

ती गेल्यावर फर्रुख आगांची बायको मलीहे बराच वेळ पेले विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, ‘‘अहो, असं करू या का? तुम्ही त्या वेळेपुरते शेजारच्या खोलीत बसा. दार किलकिलं ठेवू.’’

‘‘शेजारच्या खोलीत फ्रिज आहे.’’

‘‘बाजूला खुर्ची मावते.’’

‘‘म्हणजे मुलगी ‘बाबांच्या परवानगीनं हो’ म्हणणार, आणि बाबा फ्रिजजवळ?’’

मलीहेनं विसळलेला पेला पुन्हा विसळायला घेतला. गोल्नूश दारात उभी होती, तिनं आईकडे पाहिलं. आणि तिथे फर्रुख आगांच्या लक्षात आलं, की हा विचार दोघींनी आधीच करून ठेवलेला आहे. माणसाला वाईट कशाचं वाटतं, तर निर्णयाचं नाही, तो आपल्यामागे ठरल्याचं.

त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मुलीच्या अक्दाला ते मुलीच्या शेजारी बसणार. त्यासाठी एकच गोष्ट कमवायची होती. दुसरी शिंक.

आता शिराजमधल्या चार मजली इमारतीत कोणी काही कमवायचं ठरवलं की ते सगळ्यांच्या मदतीनंच होतं. तळमजल्यावरच्यांनी उन्हाकडे डोळे वटारून बघायला सांगितलं. कोणी म्हणालं, उशीतलं पीस नाकपुडीत फिरवा. कोणी तपकीर आणून दिली. तपकिरीनं शिंका आल्या, नाही असं नाही. पण प्रत्येक शिंकेनंतर इतका वेळ जाई, की ती पहिलीची दुसरी न होता पुन्हा नवी पहिलीच होई. एका सकाळी घरात इतके सब्र साठले की मलीहेला भात चढवता येईना.

मग फर्रुख आगांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. कचेरीत एका मोटारीच्या कागदांवर सही होताना खरी शिंक आली, आणि तिच्या पाठोपाठ त्यांनी एक खोटी जोडली. गिऱ्हाईक टॅक्सीवाला होता. त्यानं पेन खाली ठेवून त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. ‘‘आगा, ही तुम्ही तोंडानं केलीत.’’

दस्तऐवजाच्या कचेरीत बनावट शिंक. अफ्रासियाबींनी डोळे मिटून घेतले. फर्रुख आगा टोपी उचलून घरी आले आणि फुलोरा झडेपर्यंत परत गेले नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या एशरत खानुम एवढे दिवस गप्प होत्या, याचं कारण त्या शेवटी बोलणाऱ्यांपैकी होत्या. त्या एका संध्याकाळी मातीचं धुपाटणं घेऊन जिन्यात आल्या. त्यात गाढविणीची वाळलेली लीद होती.

‘‘बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून आणलीय. गाढविणीचीच हवी, गाढवाची चालत नाही. आमच्या आजोबांचं नाक यानंच उघडलं.’’

‘‘एशरत खानुम, तुमचे हात दुखायला नकोत. एवढी तसदी कशाला घेतलीत?’’ फर्रुख आगा म्हणाले. म्हणजे नको. पण सभ्य माणसाचा नकार आणि सभ्य माणसाचं आभारप्रदर्शन यांत शब्दांचा फरक नसतो. एशरत खानुमनी निखारा ठेवला.

तो धूर काय होता हे लिहिण्यात अर्थ नाही. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, ‘‘कोण मेलं?’’ माणसं जिन्यात जमली, कठड्यावरून वाकून पाहू लागली. फर्रुख आगा पायरीवर बसून, एशरत खानुमच्या मानासाठी, तो धूर आत ओढत होते.

‘‘आली?’’

‘‘अजून नाही.’’

‘‘आता येईल. बघा, चेहरा कसा झालाय.’’

चेहरा खरोखरच काहीतरी झाला होता. शिंक येत नव्हती. शिंकेच्या खाली, जिथे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं तिथे, एक दार लागलं होतं. हवा आत गेली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. ते हात वर करून सांगू पाहत होते. लोकांना वाटलं, थांबा म्हणतायत, शिंक जवळ आली. सगळे मोठ्या आदबीनं थांबले. शिंक आलीच नाही म्हणून एशरत खानुम म्हणाल्या, ‘‘बघा, गुण आला!’’

गोल्नूश कामावरून परत येत होती. तिनं बापाचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि लाथेनं धुपाटणं खाली उडवलं.

त्यामुळे ते डॉक्टर रस्तगारांकडे गेले.

‘‘नाकासाठी आलोय,’’ फर्रुख आगा म्हणाले.

‘‘छातीचं काय?’’

‘‘छातीनं कधी तक्रार केलेली नाही.’’

‘‘जिना चढताना धाप लागते?’’

‘‘मी सावकाश चढतो. सभ्य माणूस जिना सावकाशच चढतो.’’

‘‘रात्री खोकला?’’

‘‘बायकोची झोप मोडू नये म्हणून उशीत खोकतो.’’

डॉक्टरांनी चष्मा काढला. थकलेला माणूस होता, चिनारांच्या मोसमात त्याच्याकडे बसायला जागा नसे. ‘‘आगा-ए-सोतूदे, नाक आणि फुफ्फुस ही एकाच वाटेची दोन टोकं. तुमच्या एका टोकाला इतका गोंगाट आहे की दुसऱ्या टोकाचं कोणी ऐकलेलं नाही. आधी फुंकून दाखवा, मग नाकाचं बघू.’’

शेजारच्या खोलीत एक तरुण बाई यंत्रापाशी बसली होती. तिनं त्यांच्या नाकाला कपडे वाळत घालतात तसला चिमटा लावला. हा प्रसंग आपण भरभर ओलांडू, कारण मिशीसुद्धा त्यात काही करू शकली नाही. तिनं तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. ‘‘छाती भरून श्वास घ्यायचा, आणि एका झटक्यात, सगळा जोर लावून, शेवटपर्यंत बाहेर फेकायचा. माझ्यावर ओरडल्यासारखा.’’

‘‘तुमच्यावर? खुदा न करो.’’

‘‘फुंका, आगा.’’

‘‘आधी तुम्ही.’’

‘‘मी कशाला फुंकू?’’

फर्रुख आगांनी तिच्या चेहऱ्याच्या दिशेनं फुंकणं बरं नाही म्हणून मान जरा वळवली, तोंडापुढे तळहात धरला, आणि दुसऱ्याच्या वाढदिवसाची मेणबत्ती चुकून विझू नये अशा बेतानं फुंकलं.

डॉक्टरांनी आकडे पाहिले. ‘‘एक तर ही ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याची फुफ्फुसं आहेत, नाहीतर रीतभात फार आहे. यंत्राला यातला फरक कळत नाही.’’

‘‘रीतभातच,’’ मलीहे घाईनं म्हणाली. ‘‘आमच्याकडे सगळे तसेच.’’ आणि त्या दवाखान्यात, नाकावर चिमट्याचे वळ घेऊन बसलेल्या फर्रुख आगांना कितीतरी दिवसांनी थोडा अभिमान वाटला.

पुन्हा फुंकायचं ठरलं. या वेळी त्यांनी डोळे मिटले, मनाची तयारी केली, बरगड्या ताणल्या जाईपर्यंत श्वास भरून घेतला, आणि बाहेर बाकावर बसलेल्या कुठल्याशा आजीबाई—

आऽक्छी.

थांबा.

फर्रुख आगा थांबले, भरल्या छातीनं, गाल फुगवून. यंत्रावरची बाईही थांबली. बटणावरचं बोट तिनं उचलून घेतलं आणि ती छताकडे बघत राहिली. ती विद्यापीठातून शिकून आली होती, पण शिराजचीच होती. दोघं एकमेकांकडे न बघता दुसऱ्या शिंकेची वाट बघत होते. ती आली नाही. फर्रुख आगांचा चेहरा जांभळा झाला आणि हवा मिशीतून जमेल तशी निघून गेली.

‘‘हा प्रयत्न मोजायचा नाही,’’ बाई हळूच म्हणाली.

तेव्हा गोल्नूश आत आली. तिनं बॅग जमिनीवर टाकली आणि बापाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली. ‘‘माझ्याकडे बघा. त्या खानुमकडे नाही, माझ्याकडे.’’

‘‘बेटा, तुझ्या तोंडावर कसं—’’

‘‘घ्या श्वास. घ्या. अजून. आता फुंक!’’ आणि ती ओरडली. या मुलीनं बापासमोर कधी आवाज चढवला नव्हता, त्याला एकेरीत हाक मारली नव्हती. ‘‘फुंक, बाबा! फुंक! अजून आहे! थांबू नकोस, अजून, अजून, सगळं, सगळं!’’

फर्रुख आगांनी फुंकलं. लाज, खानदान, मोठ्यांपुढे हळू बोलायची सवय, उशीत दाबलेले खोकले, सगळं त्या नळीतून बाहेर गेलं. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून चिमट्याखालून जे यायचं ते आलं, घशातून एक कर्कश आवाज आला जो त्यांचा होता असं त्यांना नंतरही खरं वाटेना. शेवटी ते टेबलावर कोसळल्यासारखे वाकले. त्यांना खात्री होती की आता यंत्र फुटणार.

‘‘हे खरं फुंकणं,’’ बाई म्हणाली. पण ती हसली नाही.

आकडे थोडे वर गेले होते. थोडेच. दोष रीतभातीचा नव्हता.

डॉक्टरांनी त्यांना फवाऱ्याचं औषध ओढायला लावलं, बाहेर बसवलं, परत बोलावून परत फुंकायला लावलं. या वेळी आकडे बरेच चढले. ‘‘दमा आहे,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘घाबरू नका. औषधानं परत येतंय, म्हणजे हवा हरवलेली नाही, अडकलेली आहे. पण बरीच वर्षं अडकलेली आहे. त्या जिन्यात मुलगी उशिरा आली असती तर मी तुमच्याशी बोलत नसतो.’’

मग मलीहे म्हणाली, ‘‘रात्री वाजायचं. मला वाटायचं खिडकीची फट आहे. मी कापडसुद्धा कोंबलं होतं.’’

फर्रुख आगांनी घसा साफ केला. ‘‘आणि शिंका? नाकाच्या औषधानं शिंका बंद होतील असं लिहून द्याल? अक्द आहे.’’

‘‘कमी होतील. बंद होतील असं मी माझ्या आईलाही लिहून दिलं नाही.’’

शिंका कमी झाल्या. रात्री खिडकी वाजायची थांबली. एके दिवशी फर्रुख आगा जिना नेहमीसारखे सावकाश चढले आणि वर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आज सावकाश चढायचं काही कारण नव्हतं. ते जिन्यातच जरा उभे राहिले. एवढं सगळं झालं तरी घरात त्यांच्या खुर्चीचा प्रश्न मिटला नव्हता. बरीच बोलणी होऊन ती फ्रिजजवळून निघाली आणि दाराजवळ आली. शेजारी नाही, पण खोलीत. आली तर पटकन बाहेर जायचं, असं ठरलं.

अक्दाच्या दिवशी खोली निशिगंधानं भरून टाकली होती. गोल्नूश आणि बर्दिया आरशासमोर बसले. डोक्यावर पांढरं कापड धरलं, त्यावर बायका साखरेच्या खड्यांवर खडे घासू लागल्या. अक्द लावायला आलेल्या हाजी आगांनी नवरीला कबूल आहे का, असं पहिल्यांदा विचारलं; ती हो म्हणते ते तिसऱ्या खेपेलाच. ‘‘नवरी फुलं तोडायला गेलीय!’’ बायका ओरडल्या. दुसऱ्यांदा विचारलं. ‘‘नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय!’’ हसणं झालं. तूबा खानुमनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली.

फर्रुख आगांच्या टाळूला खाज सुटली.

त्यांनी उठून दार ओढून घेतलं आणि जिना धावत उतरले, वर ऐकू जाऊ नये म्हणून थेट अंगणापर्यंत. तिथे, भिंतीकडे तोंड करून—

आऽक्छी.

थांबा.

पण थांबायला उसंत नव्हती. धावण्यानं म्हणा, निशिगंधानं म्हणा, खालचं दार पुन्हा लागू लागलं. त्यांनी कोटातला फवारा काढून ओढला. वर मुलगी त्यांच्या परवानगीनं हो म्हणत असेल, आणि आपण अंगणात. अंगण म्हणजे थोडा लांबचा फ्रिजच. ते कठडा धरून चढू लागले. प्रत्येक वळणावर उभे राहत, शिट्टीसारखा श्वास सोडत.

दार उघडलं तेव्हा खोलीत चिडीचूप होतं. साखर घासायची थांबली होती. मलीहे धावत आली. ‘‘तिसऱ्यांदा विचारलं. बोलतच नाहीये. म्हणते, ज्यांची परवानगी घ्यायची त्यांची खुर्ची रिकामी आहे.’’

सगळे त्यांच्याकडे बघत होते. तूबा खानुम उठून उभी राहिली. ‘‘आली?’’

फर्रुख आगांनी मान हलवली.

‘‘किती?’’

अंगणात कोणी नव्हतं. दोन म्हटलं असतं तर दोन. त्यांनी टॅक्सीवाल्यासमोर एकदा तसं करून पाहिलं होतं, आणि इथे तर समोर मुलगी होती, आरशात. बोलायला हवा नव्हती. त्यांनी एक बोट वर केलं.

कोणीतरी चुकचुकलं. तूबा खानुम त्या बोटाकडे बघत राहिली. त्या शांततेत खोलीभर एकच आवाज होता, त्यांच्या छातीचा, बारीक, ओढलेला. तिनं मान तिरकी करून तो ऐकला. मग तिनं काळी पर्स जमिनीवर ठेवली, स्वतःची खुर्ची उचलली आणि गोल्नूशच्या शेजारी आणून टेकवली.

‘‘बसा, आगा. आधी दम घ्या.’’ आणि हळू आवाजात, ‘‘आमचे यजमान असेच वाजायचे. ते जाईपर्यंत आम्ही सर्दीच म्हणत राहिलो.’’

हाजी आगांनी घड्याळ पाहिलं. ‘‘खानुम, मला आणखी एका घरी—’’

‘‘थांबा,’’ तूबा खानुम म्हणाली.

खोली थांबली. बायका साखरेचे खडे हातात धरून, बर्दिया मान वळवून, एशरत खानुम ओढणीशी चाळा करत. कापड धरणाऱ्यांचे हात भरून आले तरी कोणी खाली केले नाहीत. हळूहळू शिट्टी बारीक झाली, मग खरखर, मग तीही गेली. फर्रुख आगांनी रुमाल काढला आणि सगळ्यांसमोर नाक शिंकरलं. कोणी नजर वळवली नाही.

‘‘आला दम?’’

‘‘आला.’’

‘‘विचारा, हाजी आगा.’’

हाजी आगांनी विचारलं. ‘‘माझ्या बाबांच्या परवानगीनं—’’ गोल्नूश म्हणाली, आणि थबकली. हे नुसतं म्हणायचं असतं, त्याला उत्तर कोणी देत नाही. ती आरशात त्यांच्याकडे बघत होती.

फर्रुख आगांनी छाती भरून श्वास घेतला.

‘‘आहे,’’ ते म्हणाले. आवाज खणखणीत नव्हता. पण दारापर्यंत पोचला.